एकसष्टावं पान

साखरेच्या डब्यात खोडरबराचा चुरा.

उशीवर ठेवलेला एक गुडघा, नुकतंच ऑपरेशन झालेला.

चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकलेली लिफ्ट, आत तीन माणसं, आणि वरून कुणीतरी ओरडतोय : "घाबरू नका! इची! नी! सान!"

पारदर्शक चिकटपट्टीखाली एक केस.

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे, असं सांगितलं तर आपला लिफ्ट मेकॅनिक डोळे बारीक करून विचारेल, "तुम्हाला कुणी सांगितलं?" गेला महिनाभर तो सगळ्यांकडे असाच बघत होता. बायकोकडे, वॉचमनकडे, आरशातल्या स्वतःकडेसुद्धा!

सुरुवात मात्र मोठ्या ऐटीत झाली होती. कंपनीने जपानी लिफ्ट बसवायला घेतल्या आणि साहेबांनी जाहीर केलं : जो मेकॅनिक नव्वद दिवस, एकही दिवस न चुकता, वहीचं एक पान जपानीत लिहील आणि खाली घरच्या माणसाची सही आणील, त्याला सहा आठवडे जपानला प्रशिक्षण. जागा एकच.

"नव्वद?" आपला मेकॅनिक छाती फुगवून म्हणाला. "नऊशे सांगा, साहेब! सातत्य माझ्या रक्तात आहे!"

त्या दिवसापासून ऑफिसात त्याचं नाव पडलं 'सातत्य'. नाव ठेवलं मिशीवाल्याने. तोही मेकॅनिक, आणि त्यालाही जपानला जायचं होतं.

सातत्यला ही जागा हवीच होती. चौदा वर्षं तो लोकांना वर चढवत आला होता. एकदा तरी स्वतः वर जायचं होतं, तेही विमानाने.

साठ दिवस तो पहाटे साडेपाचला उठला. इतक्या मोठ्याने घोकायचा की भांडी थरथरायची. शेजारच्या खोलीत गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आलेल्या सासूबाई होत्या, पण त्यांनी कधी तक्रार केली नाही. हे खरं तर तेव्हाच संशयास्पद वाटायला हवं होतं.

एकसष्टाव्या दिवशी जाग आली ती साडेसातला. काहीतरी बहाणा जुळवावा म्हणून त्याने वही उघडली.

पान भरलेलं होतं!

वरपासून खालपर्यंत, शिस्तीत, मोत्यासारख्या अक्षरात. खाली बायकोची सही.

कुणी लिहिलं? विचारायची सोय नव्हती. विचारलं की आपण लिहिलं नाही हे कबूल झालंच! त्याने आडून सुरुवात केली.

"आज सही करताना पान पाहिलंस का गं?"

"मी कधी पाहते? गॅसवर दूध असतं. आणि हे काय, मीटर तपासायला आल्यासारखं काय बघताय माझ्याकडे?"

फार लवकर चिडली. संशय नंबर एक.

ऑफिसात मिशीवाल्याने चहा पुढे केला. "काय सातत्य, वही कशी चाललीय?"

"का? तुला काय करायचंय?"

"अरे, सहज!"

सहज? चौदा वर्षांत या माणसाने सहज चहा पाजला नव्हता! सातत्यच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा कारस्थानी माणूस घरातल्या कुणाला तरी फितवून वहीत परकं अक्षर घुसवतोय. नव्वदाव्या दिवशी बोट दाखवणार : "बघा साहेब, अक्षर वेगळं!"

चोर रंगेहाथ पकडायचा. त्यासाठी पान कोरं हवं. पान कोरं राहायला आपण लिहिता कामा नये. म्हणजे झोपायला हवं! इतक्या कर्तव्यबुद्धीने आजवर कुणी झोपलं नसेल.

बासष्टावं पान भरलं. त्रेसष्टावंही. चौसष्टाव्या दिवशी त्याने डोक्यावरच्या मोजक्या केसांतला एक काळजावर दगड ठेवून उपटला आणि वहीवर आडवा ठेवला. वही उघडली की केस पडणार! सकाळी पाहतो तर पान लिहिलेलं, आणि केस होता तिथेच, वर चिकटपट्टी लावून पक्का बसवलेला.

मग वही हत्यारांच्या पिशवीत लपवली. सकाळी पान लिहिलेलं, आणि नटबोल्टचे पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर उंचीप्रमाणे रांगेत लावलेले!

साखरेच्या डब्यात खोडरबराचा चुरा सापडला. तो त्याने कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवला.

"अहो, तुमच्या खिशात पुडी कसली?" बायकोने कपडे धुताना विचारलं.

"पुरावा."

"कसला?"

"ते तुलाच माहीत!"

यानंतर दोन दिवस घरात फक्त कुकर बोलत होता.

तिकडे ऑफिसात आपला अभ्यास जोरात चालू आहे हे भासवणं भाग होतं. पंच्याहत्तराव्या दिवशी एका इमारतीत लिफ्ट अडकली. मिशीवाला शेजारीच उभा. सातत्यने खाली वाकून जपानीत आकडे मोजत धीर द्यायला सुरुवात केली. तीनपर्यंत ठीक. चौथा काही केल्या आठवेना. आतून एक बाई ओरडल्या, "हा कोण परका आणलाय? आपला मेकॅनिक बोलवा!"

मिशीवाला गालात हसला. पक्का तोच!

नव्वदावा दिवस उजाडला. साहेबांच्या टेबलासमोर दोघं उभे. जपानी शिकवणाऱ्या बाईंनी मिशीवाल्याची वही उघडली. ती नवव्या दिवशीच संपली होती.

"मग तू चहा का पाजत होतास?" सातत्य पुटपुटला.

"तू जिंकणार असं वाटलं. म्हटलं, येताना कॅमेरा आणायला सांगावा."

बाईंनी सातत्यची वही घेतली. साठ पानं त्यांनी कपाळाला आठ्या घालून उलटली. एकसष्टाव्या पानावर चेहरा फुलला.

"वा! इथून काय सुधारणा आहे! हे वाचा पाहू मोठ्याने."

सातत्यने वही हातात घेतली. तीस दिवस त्याने या पानांचं अक्षर तपासलं होतं, पेन्सिलीचा दाब तपासला होता, वास घेऊन पाहिला होता. वाचायचं तेवढं राहिलं होतं.

"मु... को... वा..." कानाच्या पाळ्या लाल.

"मुको वा नेते इमासु," बाईंनी पूर्ण केलं. "जावई झोपला आहे. छान! पुढे : जावई आजही झोपला आहे. जावयाने वहीवर केस ठेवला आहे. त्याला केस थोडे आहेत. म्हणून मी चिकटवला."

मिशीवाल्याच्या मिशा स्वतंत्रपणे हलू लागल्या.

साहेबांनी तिथूनच घरी फोन लावला. पलीकडून सासूबाईंचा शांत आवाज आला.

"हो, मीच लिहिलं. साठ दिवस जावईबापू पहाटे घोकायचे. माझा गुडघा ठणकायचा, झोप कुठली? सगळं पाठ झालं. मग पुस्तकच वाचून काढलं. पहाटेच्या चहात साखर घालता घालता लिहायचे, खोडायचे. आणि कोरं पान मला बघवत नाही."

"अहो आई, मग मला सांगायचं ना!" सातत्य फोनवर झेपावला.

"रोज सांगत होते की. लिहून."

साहेबांनी वही मिटली. "नियमाप्रमाणे वही सलग आहे. सातत्य आहे. फक्त तुमचं नाही." जपान नव्वद दिवस पुढे गेलं. दोघांना कोऱ्या वह्या मिळाल्या. आणि सातत्यच्या वहीवर सही यापुढे सासूबाईंचीच, अशी बाईंनी अट घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सासूबाई टेबलापाशी बसल्या होत्या, पाय खुर्चीवर, चष्मा नाकावर. सातत्यने वही पुढे सरकवली. त्यांनी पान वाचलं. मग त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा पानाकडे.

"जावईबापू, हे आत्ता लिहिलंत?"

"आत्ताच, आई!"

"मग पेन्सिलीचं टोक इतकं शाबूत कसं?"

जुन्या वहीतलं अकरावं पान त्याच्या बायकोने रात्रीच नव्या वहीत उतरवून दिलं होतं.