काऊन हरून राह्यलो

मॅच सुरू व्हायच्या आधीच आम्ही का हरलो हे सांगून टाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नथ्थूजी. पांढुर्ण्याच्या नाक्यावर नगरपालिकेचे मुन्शी, आमचे शेजारी, आणि बास्केटबॉलला जन्मात हात न लावलेले. मी तेव्हा टीमचा कप्तान. मी बुटाच्या नाड्या बांधत असायचो आणि हे डोक्याशी येऊन उभे. "बापू, आज काऊन हरून राह्यलो, सांगू?"

अजून शिट्टीसुद्धा वाजलेली नसायची.

गावात टीव्ही यायच्या आधीचा तो हिवाळा. शेजारच्या सौसरशी आमची पाच मॅचची मालिका ठरली होती. एक आमच्याकडे, एक त्यांच्याकडे; आधी तीन जिंकेल त्याची ढाल. पहिली आम्ही घरच्याच मैदानावर हरलो. नथ्थूजींच्या मते दोष गोटमारीचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या सावरगावशी होणाऱ्या आमच्या दगडफेकीचा होता. "आपल्या पोट्ट्याइचा नेम लहानपणापासून सावरगाववाल्याच्या डोक्यावर बसलेला हाये. रिंगले डोकं कुठं असते?" सगळी टीम हसली. मला मात्र हसता येईना, कारण माझे निम्मे शॉट खरोखरच बोर्डाच्या मागं गेले होते.

दुसऱ्या मॅचला जाताना आम्ही जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडला, तर नथ्थूजी म्हणाले, मारुती पडला सौसर तहसिलीतला, तो घरचं सोडून तुमचं कशाला पाहील? हरलो.

पण सौसरच्या त्या मॅचला एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. नथ्थूजी पूर्ण वेळ मैदानाकडे पाठ करून बसले होते. समोर त्यांची मुलगी शोभा, तिच्या मांडीवर तिचा पोरगा. शोभा सौसरलाच दिलेली. तिच्या लग्नात व्याही बोलून गेले, तुमच्या बागेतली संत्री आंबट आहेत. झालं! नथ्थूजींच्या घरामागं संत्र्याची मोजकी झाडं, पण तोरा असा की नागपूरचा बाजार यांच्याच भरवशावर चालतो. त्यांनी भर मांडवात शपथ घेतली, तुमच्या घराचा उंबरठा चढणार नाही. व्याहीही तसलेच. त्यांनी सुनेला माहेरी धाडणं बंद केलं. नातू बसायला लागला तरी त्या मॅचपर्यंत आजोबांनी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी विषय काढला, तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मैदानाले उंबरठा नसते, बापू."

या माणसाला हसावं की रागवावं, कळेना. शेवटी मला त्यांची मायाच आली.

तिसरी मॅच आमच्याकडे. हरलो तर मालिका तिथंच संपणार, चौथ्या मॅचसाठी सौसरला जाणं नाही. त्या दिवशी नथ्थूजींनी कारण सांगितलंच नाही. मधल्या सुट्टीत प्रत्येकाच्या हातात सोललेलं संत्रं ठेवत फिरले आणि म्हणाले, एवढी जिंका. आम्ही जीव तोडून खेळलो आणि हरलोच. ढाल सौसरच्या गाडीत चढली तरी नथ्थूजी त्यांच्या कप्तानाला गाठून पाचाच्या सात मॅच करा म्हणून समजावत होते. लोक पोट धरून हसले.

पुढच्या रविवारी ते मला बस स्टँडवर दिसले. अंगात मॅचचा धुतलेला सदरा, हातात संत्र्यांची पिशवी. मी म्हटलं, आज मॅच नाही.

"मालूम हाये. मैदान पाहून येतो."

रिकाम्या मैदानात हा माणूस एकटा बसून करणार काय? मी सायकल पिटाळत टीमच्या पोरांना घराघरातून उठवलं, बॉल घेतला, आणि पुढच्या बसनं आम्ही सगळे सौसरला. सौसरवाल्यांना काय, आम्हाला हरवायला ते कधीही तयार. बॉलचा आवाज झाला तशी गर्दी जमली. शोभा आली. तिच्या मागोमाग, हात पाठीशी बांधून, व्याहीही आले.

तीही मॅच आम्ही हरलो. घाम पुसत मी कारण ऐकायला गेलो, पण नथ्थूजींना मॅच संपल्याचाही पत्ता नव्हता. त्यांनी नातवाच्या तोंडात संत्र्याची फोड घातली होती आणि पोरानं डोळे घट्ट मिटून अख्खं तोंड वाकडं केलं होतं. नथ्थूजींनी एक फोड स्वतः खाल्ली, बराच वेळ चघळली. मग पिशवी व्याह्यांकडे सरकवली.

"आंबटच हाये थोडं, इवाईबुवा."