शेवंतामावशींचे सहा सितारे

आमच्या रावेतच्या सोसायटीत शेवंतामावशी कुणालाच नावाने हाक मारत नाहीत. सेक्रेटरी कुलकर्णी कचऱ्याची बादली घेऊन लिफ्टमध्ये शिरले, की त्या आदराने बाजूला सरकतात. "या खलनायक! आज कचरा सोताच टाकताय?" चाकणला कंपनीत जाणारा अमोल म्हणजे 'क्रिकेटर'. मी 'गायिका'. मला गाता येत नाही, पण मावशींनी ठरवलं की ठरलं.

याचं मूळ टीव्हीवरच्या एका खेळात आहे. त्यात खलनायक, गायिका, क्रिकेटर असे सहा सितारे बसतात. निवेदक एक प्रश्न वाचतो, त्याचं उत्तर एकाच शब्दात. सितारे आपापला शब्द लपवून लिहितात. मग खेळाडू त्याचा शब्द सांगतो, आणि जितक्या सिताऱ्यांशी तो जुळेल तितके गुण. मावशींनी हा खेळ रविवारी दुपारी पार्किंगमध्ये आणला. सहा खुर्च्या, सहा पाट्या, बक्षिसाला कुरडयांचा डबा आणि निवेदक त्या स्वतः.

"आपलं डोकं चालवायचं न्हाई," त्या दरवेळी बजावत, "शेजाऱ्याचं चालवायचं."

एकदा त्यांनी वाचलं, "नवरा सेकंड शिफ्टवरून घरी आला, की आधी काय हुडकतो?" खेळायला देशपांडे सर होते. ते गंभीरपणे म्हणाले, "शांतता." पाट्या फिरल्या. पाचांवर 'चार्जर', एकीवर 'रिमोट'.

"पण माझं उत्तर बरोबर आहे!" सर तडकले.

"आसंल की. पन ह्यांच्या डोस्क्यात न्हाई. भोपळा!"

कोण काय लिहिणार हे मावशींना आधीच कळायचं. त्या चौथी शिकलेल्या. पण आम्ही बारा वर्षं इंग्रजी शाळेत घालवून माणसं इतकी वाचू शकलो नाही. मला बोलायचा कंटाळा आहे, हेही त्यांनीच ओळखलं. "तू नुसतं लिही. तोंड उघडायचं काम न्हाई."

फक्त एक माणूस त्यांच्या हाती लागत नव्हतं. त्यांची धाकटी जाऊ, हिराबाई. सोसायटी उभी आहे ते शेत या दोघींचंच. वाटणीत दोघींना समोरासमोर फ्लॅट मिळाले, आणि वाटणीतच बोलणं तुटलं. दर रविवारी मावशी मला पाठवत. "जा, हिरीला इचार, नटी म्हणून येती का."

हिराबाई दार अर्धंच उघडत. "तिला सांग, मला न्हाई येत नाटकं."

मी खाली येऊन सांगायची, "त्यांना बरं नाहीये."

"तू लई वंगाळ खोटं बोलतीस, पोरी," मावशी म्हणत आणि कामाला लागत.

मागच्या महिन्यात एका रविवारी लिफ्ट बंद पडली. बाजारातून आलेल्या हिराबाई पिशवी घेऊन पार्किंगमध्ये थांबल्या. अमोल ओव्हरटाइमला गेला होता, त्याची खुर्ची मोकळी होती. त्या टेकल्या. "गुडघं दुखत्यात म्हणून बसले," त्यांनी आम्हा सगळ्यांना जाहीर केलं.

मावशींनी त्यांच्याकडे न बघता अमोलची पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. चिठ्ठ्या माझ्या हातात कोंबल्या. "आज तू वाच. मी खेळती."

पहिली फेरी त्यांनी सहज जिंकली. जिंकणाऱ्याने शेवटी एकच सितारा निवडायचा. दोघांचा शब्द जुळला, तर डबा. कुलकर्णी ऐटीत सावरून बसले. त्यांचं उत्तर कुणालाही ओळखता येतं. मावशींनी हिराबाईंकडे बोट केलं.

मी चिठ्ठी वाचली. "भर उन्हात शेतातलं तण भांगलताना सगळ्यात जास्त कशाची आठवण यायची?"

दोघींनी पाठ फिरवून लिहिलं. हिराबाईंना वेळ लागला.

मावशींच्या पाटीवर 'चिंच'. हिराबाईंच्या पाटीवर 'मिशरी'.

"नाही जुळलं," मी म्हणाले.

"अहो, 'पाणी' लिहायचं ना दोघींनी!" कुलकर्णी हळहळले. "सोपं होतं."

दोघींनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. हिराबाई मावशींच्या पाटीकडे बघत होत्या. "चिंच मला लागायची," त्या म्हणाल्या. "माझी थोरली पोटात हुती तवा. तू बांधावरनं पदरात भरून आणायचीस."

"आन् मिशरी मला," मावशी म्हणाल्या. "तू सासूपासनं लपवून द्यायचीस."

दिवसभर बोलणाऱ्या मावशींनी खुर्ची उगीच थोडी पुढे ओढली.

हिराबाईंनी पदराने पाटी पुसली, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वाच की गं पुढचं. आता चुकायचो न्हाई आमी."