खांबेट्यांचं बिनचरबीचं फ्रिकाडेल

खांबेट्यांनी जन्मात मांस चाखलं नाही, आणि तरी दर रविवारी ते बीफच्या खिम्याचे चार गोळे थापायचे. साठ सालच्या आसपासची गोष्ट. जर्मनीत आखेनला आम्ही दोघं डॉक्टरेट करत होतो, आणि एकाच घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो.

खाली घरमालक, हेर म्युलर आणि त्यांची बायको. मालकांना हृदयाचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी चरबी बंद केली, तेव्हा म्हाताऱ्याने जेवणच बंद केलं. त्याचा सगळा जीव फ्रिकाडेलवर. म्हणजे आता पोरं बर्गर म्हणून पावात घालून खातात ना, तीच खिम्याची टिक्की. फक्त म्युलरांच्या घरी ती श्माल्झमध्ये, डुकराच्या चरबीत, पोहत असे. म्हातारा वाळत चालला. फ्राउ म्युलर जिन्यात बसून रडायच्या. खांबेट्यांनी ते फारच मनावर घेतलं.

मग काय विचारता. हा माणूस खाटकाच्या दुकानात सोवळ्यातल्या चेहऱ्याने उभा राहायचा. "चरबी काढा. अजून काढा." घरी आणून खिमा प्रयोगशाळेतल्या तराजूवर तोलायचा. त्यात किसलेलं गाजर, कांदा, ओट्स, भिजवून पिळलेला शिळा पाव. मीठ नावाला. तव्यावर तेलाचा थेंब नाही, झाकण ठेवून नुसत्या वाफेवर. "प्रमाण चुकलं की सगळं चुकलं," हे पालुपद.

"अहो, पण चव कशी कळते तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"आई नैवेद्याचा स्वयंपाक चाखून बघायची का? वासावर कळतं." मग जरा दचकून म्हणाले, "हे तुमच्या घरी लिहू नका हं."

चाखायचं काम माझ्याकडे होतं. खरं सांगतो, भुसा बरा. पण हेर म्युलर खायचे. खांबेटे समोर स्टुलावर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. शेवटचा घास संपला की म्हातारा हमखास म्हणायचा, "तर मग, हेर खांबेटे, एकदा, फक्त एकदा, श्माल्झमध्ये तळा."

"आधी बरे व्हा. मग तळू."

दोन वर्षं हे असंच चाललं. तिसऱ्या हिवाळ्यात हेर म्युलर झोपेतच गेले.

त्यानंतर एका सकाळी खिडकीतून पाहतो तर खांबेटे मागच्या अंगणात. भिंतीवर बशी, बशीत फ्रिकाडेल. मी खाली गेलो.

"आज दहावा," ते म्हणाले.

"जर्मन माणसाचा कसला दहावा हो?"

"दर रविवारी समोर जेवायला तोच बसायचा ना."

झाडावर तीन कावळे होते. ढुंकून पाहीनात. अर्धा तास झाला, थंडीने माझे कान गळायची वेळ आली. "कावळ्यांनाही भुसा कळतो," मी म्हणालो. खांबेटे हसले नाहीत. आत गेले आणि फ्राउ म्युलरकडून श्माल्झचा डबा मागून घेतला. दोन वर्षांनी त्या घरात तळणाचा वास सुटला.

नवं फ्रिकाडेल त्यांनी बशीत ठेवलं आणि हात जोडले. "तळलं, हेर म्युलर."

ते मागे सरकायच्या आत कावळ्याने ते उचललं.

मला हसू फुटलं. वळून पाहिलं तर खांबेटे रडत होते.

"वडिलांनाही पथ्य होतं," ते म्हणाले. "बासुंदी मागत होते. मीच इथून पत्रात लिहिलं, देऊ नका, मी आलो की खातील. ते गेल्याचं पत्र मला तेरावा उलटल्यावर मिळालं." त्यांनी रिकामी बशी कोटाला पुसली. "त्यांना कावळा शिवला का, हे आईला विचारायची अजून हिंमत झालेली नाही."