ब्युइक, सप्रेम भेट

केदारखेड्याच्या धर्मराजअण्णांनी आपल्या तीन जुन्या मोटारी वाटूरच्या मुलींच्या वसतिगृहाला देण्याचा निर्णय पूर्ण शुद्धीत घेतला, हे आधीच नमूद केलेले बरे. त्यातली थोरली ब्युइक निजामाच्या अमलातली. कारखान्यातला काळा रंग अजून तिच्या अंगावर होता आणि पुण्याचा एक शौकीन नेमका त्या रंगावरच भाळला होता. बाकीच्या दोघींचेही तेच. त्या विकून वसतिगृहाला पक्के छत मिळणार होते. सध्या पोरी गळक्या पत्र्याखाली पातेली मांडून झोपत.

अण्णांची अट एकच होती. "माझं नाव कुठंबी नको."

वसतिगृह समितीचे अध्यक्ष सर्जेराव ऐकून गहिवरले. पण बैठक बसली तेव्हा निनावी दान स्वीकारण्याची तरतूदच नसल्याचे निदर्शनास आले. वसतिगृहातली वस्तू सप्रेम भेट असते आणि सप्रेम भेटीवर नाव असते. ताटांवर होते, बाकांवर होते, जेवणघरातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर होते. नावे वाचता यावीत म्हणून तो पंखा पाहुण्यांसमोर बंद ठेवत. पाहुणे कधीही येऊ शकतात, म्हणून पुढे तो बंदच राहिला.

"अण्णा, तुमचं नको तर वहिनींचं टाकू," सर्जेराव म्हणाले. "बारीक अक्षरात."

पत्नी तुळजाबाई गेल्यापासून अण्णांना घर खायला उठायचे. ते तिथेच विरघळले. "बरं. पण डिक्कीच्या आतून."

नामनिर्देशन उपसमितीने डिक्की उघडून पाहिली. आत कोण वाचणार? नाव बॉनेटवर आले. मग ज्यांच्या शुभहस्ते मोटारी स्वीकारायच्या, ते सर्जेराव त्याच्या वर आले. डाव्या दारावर मंडपवाले रामराव आले, तेव्हा चहापाणी देणाऱ्या वसंताने उजवे दार मागितले. त्याला नकार देणे अन्यायाचे झाले असते. बाकीच्या दोन मोटारींवर उरलेले सभासद मावले. मागच्या काचेवर भुजंग पेंटरने स्वतःचे नाव आणि मोबाइल नंबर टाकला. मजुरी त्याने घेतलीच नव्हती, म्हणजे तोही दाताच.

वसतिगृह सांभाळणाऱ्या वंदनाताई धावत आल्या. "दादा, गाड्या इकायच्या हायत ना? मंग रंग का म्हून लावून राह्यले?"

"ताई, इकल्यावर तर नावं पुण्याला जातील!" सर्जेराव म्हणाले.

पुण्याचा शौकीन ठरल्या दिवशी आला. त्याने तिन्ही मोटारींना प्रदक्षिणा घातली आणि सगळे वाचून काढले. मग हळूच विचारले, "मूळचा रंग?"

"त्याच्यावरच तर लिव्हलं!" सर्जेराव म्हणाले. "जास्तीचा खर्चा बिलकुल न्हाई केला. ऑइलपेंट हाय, घासला तरी निघायचा न्हाई."

पाहुण्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. नारळ घेऊन तो निघून गेला.

वंदनाताईंच्या डोळ्यांत पाणी आले. "अण्णा, पोरींच्या छताचं आता कसं?"

अण्णांनाही भरून आले होते. ते बॉनेटजवळ गेले, तुळजाबाईच्या नावावरून बोट फिरवले, मग वरची ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"सर्जेराव, तुमचं नाव हिच्याहून मोठं का म्हून?"

चूक मान्य झाली. भुजंगला बोलावून तुळजाबाईचे नाव दुप्पट करण्यात आले. अण्णा समाधानाने केदारखेड्याला परतले. पाऊस आला की पोरी तिन्ही मोटारींत दाटीवाटीने झोपू लागल्या. मोटारी गळत नाहीत, सबब छताचा विषय निकाली निघाला, असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

एवढे हसलात, तर आता एक करा. तुमच्या गावच्या देवळात, शाळेत, कुठेतरी तुम्ही दिलेला पंखा असेलच. त्याचे बटण दाबा. पाती फिरतील, खाली बसलेल्यांना वारा लागेल आणि तुमचे नाव दिसेनासे होईल. तिथेच उभे राहून बघा, ते बटण बंद करायला तुमचा हात किती वेळाने उठतो.