‘मोठा भाऊ’ या टॅगखाली

रविवारी सकाळी साडेनऊला ग्रंथपालांनी घरच्यांच्या ग्रुपवर एक लिंक टाकली, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून जाहीर केलं, "पाठवली. आता दादा वाचेल."

"वाचतायत!" बायको आतून म्हणाली. "सहा वर्षं तोंडातून शब्द काढला नाही तुमच्याशी. आता तुमचे लेख वाचत बसणारेत."

ग्रंथपाल म्हणजे माजी ग्रंथपाल. एका कॉलेजच्या ग्रंथालयात छत्तीस वर्षं काढून ते घरी बसले आणि घरच्यांच्या मागे लागले, तेव्हा लेकीने त्यांना एका साइटवर फुकटचा ब्लॉग काढून दिला. वर्षभरात बत्तीस लेख झाले. वाचणारे किती हे साइट दाखवायची, पण तो आकडा चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. त्यातही निम्म्या वेळा ग्रंथपाल स्वतःच असायचे, लेख नीट दिसतोय ना हे बघायला आलेले. वर्गवारी मात्र चोख! प्रत्येक लेखाखाली टॅग: बालपण, सायकल, वाळवी, शिस्त. ब्लॉगला वाचक नसला तरी चालेल, पण लेख चुकीच्या खणात पडता कामा नये, असा सगळा कारभार.

कालचा लेख मात्र जीव ओतून लिहिला होता. दादा आज सत्तर वर्षांचा होत होता. आई गेली त्या दिवशी हाच दादा भर माणसांत म्हणाला होता, "शेवटचं भेटायलाही आला नाही हा." आणि तेव्हापासून त्याने बोलणं टाकलं. ग्रंथपाल फोन आला तसे निघाले होते, पण ते अर्ध्या वाटेत असतानाच आई गेली. आपणच आधी चौकशी करायला हवी होती, या विचाराने ते सहा वर्षं स्वतःला खात होते. लेखात दादाने सायकल कशी शिकवली ते होतं, आणि शेवटी सरळ लिहिलं होतं: ‘दादा, उशीर मी केला. चूक माझी. मला माफ कर.’ दादाने एकदा हाक मारावी, एवढंच त्यांना हवं होतं.

आता दुसरा कोणीही लेखाचीच लिंक पाठवेल. ग्रंथपाल कसले पाठवतायत! छत्तीस वर्षांत त्यांनी एकाही विद्यार्थ्याच्या हातात थेट पुस्तक दिलं नव्हतं. कोणी नाव सांगितलं की ते त्याला कार्डांच्या कपाटाकडे पिटाळायचे. "विषयाचा खण उघड. तुझं पुस्तक सापडेल आणि शेजारचंही दिसेल." विद्यार्थी मनातल्या मनात शिव्या घालायचे. दादावर त्यांचे चार लेख होते, चारही ‘मोठा भाऊ’ या टॅगखाली. दादाला चारही दिसावेत म्हणून शनिवारी संध्याकाळी त्यांनी लेखाखालच्या त्या टॅगवर टिचकी मारली. पान उघडलं, त्यांचा नवा लेख सगळ्यात वर झळकत होता. खूश होऊन त्यांनी त्या पानाची लिंक जपून ठेवली आणि रविवारी सकाळी पाठवली.

दहा वाजता ताईचा फोन आला.

"काय रे, एवढं साठवून ठेवलं होतंस माझ्याबद्दल?"

ग्रंथपालांना आठवलं. लेखात एक वाक्य होतं, आपण सायकलवरून पडलो तेव्हा ताई हसत होती असं. "अगं, ते सहज लिहिलं. आणि खरंच होतं की नाही ते?"

"खरं होतं? बहीण म्हणजे घरात लावलेली आग, असं खरं होतं?"

"आग? आग कुठे म्हटलंय मी?"

"आता नाही म्हणू नकोस. पण एक सांगते, लिहिलंयस झकास. तुझं पहिल्यांदाच काहीतरी शेवटपर्यंत वाचलं मी." आणि तिने फोन आपटला.

"ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्यात," ग्रंथपाल म्हणाले. पण शेवटची दाद त्यांनी बायकोला दोनदा ऐकवली.

अकराला वहिनीचा निरोप आला. ‘भावजी, तुम्ही असं काही लिहाल असं वाटलं नव्हतं. हे वाचून मघापासून पलंगावर बसून आहेत. चहाही घेतला नाही.’

ग्रंथपालांचे डोळे भरून आले. "बघितलंस? विरघळला! शेवटी रक्ताचं नातं आहे."

"चहा नाही घेतला?" बायको म्हणाली. "मला काही हे विरघळल्याचं लक्षण वाटत नाही."

तिच्याकडे दुर्लक्ष करून ग्रंथपालांनी वहिनीला उत्तर धाडलं: ‘वहिनी, दादाला म्हणावं, मनापासून लिहिलंय. शब्द न् शब्द खरा आहे.’

बाराच्या सुमाराला लेक दारातूनच ओरडत आत आली. "बाबा, ग्रुपवर काय टाकलंय तुम्ही? सगळ्यांनी डोक्याला हात लावलाय!"

"दादाचा लेख. टॅगमधून."

तिने कपाळ बडवलं. "अहो, बाजूला जी यादी आहे ना, तिच्यातून तुमचेच लेख उघडतात. लेखाखालचा टॅग दाबला की अख्ख्या साइटवर ज्याने ज्याने तो टॅग लावलाय, त्या सगळ्यांचे लेख येतात. नवा येईल तो वर. तुमचा आत्ता नववा आहे!"

"म्हणजे माझा खण उघडला की गावभरची पुस्तकं बाहेर?"

"हो. आत्यानं उघडलं तेव्हा वर भलत्याचाच लेख होता, बहिणीपेक्षा मोठा भाऊ परवडला म्हणून. आणि काकांनी उघडलं तेव्हा हा." तिने फोन पुढे केला. लिहिणाऱ्याने टोपणनाव घेतलं होतं, ‘धाकटा’. आणि लेख असा सुरू होत होता: ‘दादा, आईच्या वेळी तू काय केलंस ते मला कळलंय. चारचौघांत तू मला मान खाली घालायला लावलीस. मी घातली. आता तुझी पाळी.’

ग्रंथपालांच्या पाचावर धारण बसली. ‘शब्द न् शब्द खरा आहे’ हे आपलंच वाक्य त्यांना आठवलं, आणि तेवढ्यात बेल वाजली.

दारात दादा उभा होता. चेहरा पांढराफटक, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"दादा, ये ना. अरे, तो लेख—"

"मधे बोलू नकोस." दादा खुर्चीत बसला. "कोणी सांगितलं तुला? नर्सने?"

बायकोने पुढे केलेला पाण्याचा पेला त्याने बाजूला सारला.

"हो, नाही कळवलं तुला. चार दिवस आई तुझं नाव घेत होती. म्हटलं, कळवू उद्या. दहा वर्षं तिचं सगळं मी केलं. आणि तू आलास, नुसती बॅग ठेवलीस, की तिचा चेहरा उजळायचा. मला म्हटलं, निदान शेवटी तरी ती माझ्याकडे बघेल." त्याचा आवाज चिरकला. "नाही बघितलं. दाराकडेच बघत होती. आता काय करायचं ते कर."

बायको पदराने डोळे टिपत होती.

"काका," लेक न राहवून बोलून गेली, "तो लेख बाबांचा नाहीच. दुसऱ्याच कोणाचा तरी आहे. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं."

दादाने मान वर केली. "माहीत नव्हतं?"

"नाही. बाबांचा हा."

तिने बिचारीने भांडण मिटावं म्हणून खरा लेख उघडून दिला. दादाने चष्मा लावला आणि सावकाश वाचायला घेतलं. सायकल आली तेव्हा चेहऱ्यावर थोडा रंग आला. शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली. मग चष्मा काढला, घडी केली, बटणं उघडून नीट लावली.

"छान लिहिलंयस," तो म्हणाला. "मनापासून आहे. चूक कबूल करायला मोठं मन लागतं."

ग्रंथपाल बघतच राहिले.

"मघाशी मी बोललो ते जरा भावनेच्या भरात. आज वाढदिवस, वय झालंय. ते घरातच राहू दे. हा लेख मात्र टाक ग्रुपवर, आणि सकाळचा गोंधळ होता म्हणून कळव सगळ्यांना." त्याने चहा मागितला, त्यात साखर कमी आहे म्हणाला, आणि तो सगळा प्यायला. निघताना ग्रंथपालांच्या पाठीवर थाप मारली. "येत जा रे अधूनमधून!"

सहा वर्षं ज्या हाकेसाठी जीव टाकला होता ती ही. दार लागलं.

"काय माणूस आहे!" बायको उसळली. "आणि तुम्ही? तुम्ही मूग गिळून बसलात!"

आई चार दिवस दाराकडे बघत होती, एवढंच ग्रंथपालांच्या डोक्यात घुमत होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी लेकीला जवळ बसवलं.

"टॅग नको. थेट एकाच लेखाची लिंक कशी काढायची, ते दाखव."

तिने दाखवलं. लेखाच्या नावावर टिचकी मारायची, मग वरचा पत्ता उचलायचा. ग्रंथपालांनी दोनदा करून बघितलं. छत्तीस वर्षांत प्रथमच ते कोणाच्या तरी हातात थेट नेमकं पुस्तक देणार होते.

मग ते आत गेले. स्वतःचा लेख त्यांनी पुसून टाकला. नंतर ‘धाकट्या’चा लेख उघडला, त्याची लिंक घेतली, ग्रुपवर टाकली आणि खाली एका बोटाने, शुद्धलेखन तपासत लिहिलं:

‘सकाळी हा चुकून आला होता. आता मुद्दाम पाठवतोय.’