हौशीच्या रक्ताची ओळखपरेड

चिंचधरे येथील तपासणी केंद्रात क्षयासाठी काढलेले रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी बोलते, आणि ते जे बोलते ते कारकून नमुना क्रमांक सातमध्ये जसेच्या तसे उतरवून घेतो. माणसाचे असो वा जनावराचे, पद्धत एकच आहे. क्षयाच्या जंतूचा अर्क घातलेल्या नळीत रक्त रात्रभर उबेच्या पेटीत ठेवायचे, सकाळी झाकण काढायचे आणि विचारायचे, "यांना ओळखता का?" ओळख नसेल तर रक्त तसे सांगून गप्प होते. ओळख असेल तर तेही सांगते. खोटे बोललेले रक्त केंद्राच्या चौदा वर्षांच्या दप्तरात एकदाही नोंदलेले नाही.

हा रोग दुधातून आणि श्वासातून इकडचा तिकडे जात असल्यामुळे गाईचे आणि तिच्या मालकिणीचे रक्त एकाच दिवशी घ्यावे, असा नियम आहे. त्यानुसार यमुनाबाई खरमाटे यांनी बुधवारी स्वतःचे रक्त दंडातून दिले आणि त्यांच्या हौशी नावाच्या तांबड्या गाईने ते मानेतून दिले. गुरुवारी सकाळी दोघी पुन्हा हजर झाल्या, कारण ज्याचे रक्त बोलणार त्याने समक्ष असले पाहिजे. कोणाच्याही पाठीमागे बोलणे केंद्राला मान्य नाही. हौशीला खिडकीशी बांधण्यात आले, म्हणजे तिला आतले सगळे ऐकू येईल.

यमुनाबाईंचे यजमान जाऊन तीन वर्षे झाली होती. मुलगी सासरी नांदत होती. घरात हाक मारली तर मान वळवणारी अशी आता एक हौशीच होती, आणि तीही यमुनाबाईंच्या हातावर जन्मलेली. ज्या गुराचे रक्त "ओळखते" म्हणते, त्याला धरणापलीकडच्या विलग गोठ्यात नेतात. तिथून गुरे परत येत नाहीत. मालकाला वर्षातून दोनदा कुंपणाबाहेरून पाहता येते. यमुनाबाईंना हे ठाऊक होते आणि बुधवारी रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

प्रथम त्यांच्याच रक्ताची पाळी आली. तंत्रज्ञ रेहाना शिकलगार यांनी झाकण काढून ठरलेला प्रश्न विचारला. उत्तर आले ते यमुनाबाईंच्याच आवाजात, पण नऊ वर्षांच्या मुलीच्या.

"ओळखते. आबांच्या उशाशी बसलेले असायचे."

यमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे वडील क्षयाने गेले होते आणि त्यांना पेज भरवण्याचे काम या धाकट्या लेकीकडे होते. माणसांसाठी नमुना क्रमांक सातमध्ये आणखी एक प्रश्न छापलेला आहे, तो रेहानाबाईंनी विचारला: सध्या येणे-जाणे आहे का? रक्त म्हणाले की नाही, कोपऱ्यात बसून असतात, बोलत नाहीत. कारकून साळुंखे यांनी "जुनी ओळख, येणे-जाणे नाही" असे लिहिले. छातीचा फोटो आदल्या दिवशीच स्वच्छ आला होता. तरी कोपऱ्यातल्या पाहुण्याने पुढे हातपाय पसरू नयेत म्हणून काही महिने गोळ्या घ्याव्या लागतील, असे रेहानाबाईंनी समजावले. यमुनाबाईंनी मान हलवली, पण त्यांचे लक्ष दुसऱ्या नळीकडे होते.

हौशीच्या रक्ताने उत्तर द्यायला वेळ घेतला. गाईगुरांचे रक्त सावकाश बोलते.

"ओळखते," ते म्हणाले. "रोजचेच आहेत."

जनावरांसाठी दुसरा प्रश्न छापलेला नाही. साळुंखे यांनी पेनाचे टोपण काढले, दोन कागदांमध्ये कार्बन घातला आणि पाठवणीचा हुकूम लिहायला घेतला. गाडी चार वाजता येणार होती.

यमुनाबाई बाकावर बसल्या. त्यांनी रेहानाबाईंना विचारले, "माझ्याकडनं गेलं का वो हे तिला?"

रेहानाबाई खोटा दिलासा देणाऱ्यांपैकी नव्हत्या. कोपऱ्यातला पाहुणा मध्यंतरी कधी उठला असेल तर जाते, असे त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना खिडकीकडे पाहवेना. हौशी मात्र खिडकीच्या गजाला मान घाशीत उभी होती.

यमुनाबाईंनी साळुंख्यांना हात जोडून पाहिले. साळुंखे वाईट मनुष्य नव्हते, पण त्यांना रक्ताच्या शब्दापुढे काही सुचत नसे. "मावशी, ते बोललं, मी लिहिलं," एवढेच ते म्हणाले. गाईचे वय किती लिहू, हेही त्यांनी विचारले. सहा वर्षे, असे सांगताना यमुनाबाई एकाएकी थांबल्या. त्यांच्या मनात एक गोष्ट आली होती आणि ती त्यांनी आधी स्वतःशीच उलटसुलट करून पाहिली. मग त्या उठून टेबलापाशी गेल्या.

"भाऊसाहेब, लिहायचं जरा थांबवा. ही गाय वळखीपाळखीत लई कच्ची हाय."

"कच्ची म्हणजे?"

"मालक जाऊन तीन वर्सं झाली. अजून माझं धाकलं दीर अंगणात आलं, की मालकच आलं म्हणून हंबरती. दोघा भावांची चाल एक, खोकणं एक. ही तोंडाकडं बघतच न्हाई. आता जी अशी, तिचं रगात तरी कसं असंल?" आणि मग त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "मी काय म्हणते, ह्या क्षयाला कुणी भाऊ हाय का?"

साळुंख्यांनी रेहानाबाईंकडे पाहिले. रेहानाबाईंनी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली.

"आहे," त्या म्हणाल्या. "चुलतभाऊ म्हणा. पाखरांत वावरतो. गाईगुरांचं सहसा काही बिघडवत नाही."

इतकेच नव्हे, तर प्रत्येक गाईच्या रक्ताची आणखी एक नळी या चुलतभावाच्या अर्काबरोबर त्याच पेटीत ठेवावी असा नियम होता आणि ती ठेवलीही जात होती. मात्र मालकाने लेखी मागणी केल्याखेरीज ती उघडायची नसे. चौदा वर्षांत तशी मागणी कोणीच केली नव्हती, कारण अशी नळी असते हे कोणाला ठाऊकच नव्हते. रोज संध्याकाळी ती न उघडता धुऊन टाकीत. यमुनाबाईंनी लगेच कागद मागितला.

त्यांना लिहिता येत होते, पण अर्जाची भाषा येत नव्हती. तेव्हा साळुंख्यांनीच त्यांच्या वतीने अर्ज लिहिला. "विषय: गाईच्या रक्तास संशयिताचा चुलतभाऊ दाखविणेबाबत." यमुनाबाईंनी सही केली. साळुंख्यांनी तो अर्ज स्वतःकडून स्वतःच स्वीकारला, आवक क्रमांक घातला, शिक्का मारला आणि रेहानाबाईंकडे सरकवला.

तिसऱ्या नळीचे झाकण निघाले. हौशीच्या दोन्ही नळ्या शेजारी ठेवून रेहानाबाईंनी प्रश्न विचारला. खिडकीतल्या हौशीने रवंथ थांबवले, असे यमुनाबाईंना वाटले.

"हेच ते," रक्त शेवटी म्हणाले. "मघाचे ते यांच्यासारखे दिसतात, एवढंच."

"नीट बघून सांग," यमुनाबाई नळीला म्हणाल्या. "घाई करू नगंस."

"यांनाच ओळखते. मघाच्यांना मी कधी भेटलेसुद्धा नाही."

कुठे भेटले, हा प्रश्न कोणत्याच नमुन्यात नव्हता, पण रेहानाबाईंनी तो विचारला. रक्ताने सांगितले की ते वरून येतात; रोज संध्याकाळी वरून गव्हाणीत उतरतात आणि कडब्यावर बसतात.

यमुनाबाईंनी कपाळाला हात लावला. गेल्या वर्षी मुंगसाने दोन कोंबड्या नेल्या, तेव्हापासून त्यांनी खुराडे गोठ्याच्या आढ्याला टांगले होते, ते नेमके हौशीच्या गव्हाणीवर. नऊ कोंबड्या तिथे वस्तीला असत आणि त्यांचे सगळे खाली वैरणीत पडत असे. मुंगूस वर चढत नाही, या समाधानात त्यांनी खाली कधी पाहिलेच नव्हते. हे त्यांनी गुन्हा कबूल करावा तसे सांगितले.

"म्हणजे खुराडं तुम्ही टांगायचं," साळुंखे म्हणाले, "आणि वळखीत कच्ची मात्र गाय."

"मीच कच्ची, भाऊसाहेब. तसं लिवा. पण गाडी रिकामी माघारी धाडा."

तसे लिहिण्यास रकाना नव्हता. पाठवणीचा हुकूम फाडून टाकण्याचीही तरतूद नव्हती, म्हणून साळुंख्यांनी पट्टी घेऊन त्यावर मूळ प्रतीत आणि कार्बनच्या प्रतीत अशा दोन सरळ आडव्या रेघा मारल्या. निकालाच्या रकान्यात त्यांनी "गाय निर्दोष. खुराडे तीन दिवसांत हलवावे" असे लिहिले आणि नऊही कोंबड्यांना सोमवारी सकाळी समक्ष हजर राहण्याची सूचना काढली. कोंबड्यांची नावे विचारली, तेव्हा यमुनाबाईंना सहाच सांगता आली. उरलेल्या तिघी "व इतर" या शब्दांत बसल्या.

नियमाप्रमाणे निकाल रक्तालाही कळवावा लागतो. रेहानाबाईंनी नळीवर वाकून तो वाचून दाखवला. रक्त म्हणाले, "बरं झालं," आणि त्याखाली साळुंख्यांनी "निकाल समजला" अशी नोंद केली.

यमुनाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी हौशीच्या मानेवर हात टाकला. सकाळपासून गाईची धार काढायची राहिली होती, कास तटतटली होती. रेहानाबाईंनी आतून स्टीलची बादली आणून दिली आणि दूध चांगले उकळल्याशिवाय आपण त्याला हात लावू देणार नाही, असे बजावले. साळुंखे चहापूड आणि साखर शोधू लागले. यमुनाबाई अंगणातच दगडावर टेकल्या आणि कपाळ हौशीच्या कुशीला लावून त्यांनी धार सुरू केली. पहिल्या काही धारा बादलीच्या बाहेरच गेल्या. मग हात स्थिर झाला.

आतल्या नळीतून, खिडकीवाटे, हौशीच्या रक्ताने विचारले, दूध निघतंय का नीट.

"निघतंय की गं," यमुनाबाई वर न पाहता म्हणाल्या, आणि धार काढीत राहिल्या.