चव्वेचाळीस वर्षांचा वाटसरू

तुम्हाला दहापर्यंत मोजता येत नाही. राजधानीतल्या थंडगार खोलीत बसून ज्यांनी हा नियम काढला, त्या तुम्हालाच हे सांगणं आहे. बाकी तुमच्या शहाणपणाबद्दल वाद नाही. देश सुरक्षित ठेवायचा तर सगळ्यात आधी तान्ह्या बाळांपासून सावध राहावं लागतं, हे तुमच्याआधी कुणाला सुचलं होतं?

नियम सोपा आहे. डॉमिनिकन भूमीवर जन्मला तो डॉमिनिकन. अपवाद फक्त वाटसरूच्या लेकराचा. वाटसरू म्हणजे दहा दिवस टेकून पुढे जाणारा. आता मेरिल्यूस देसीर हा म्हातारा घ्या. शेजारच्या हैतीहून ऊसतोडीला ट्रकमध्ये उभा राहून आला, त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. सरकारी मतानुसार तो अजून वाटेतच आहे. (वेग दिवसाला सरासरी शून्य मैल. पण चिकाटी बघा.) या प्रवासात त्यानं डोंगराएवढा ऊस तोडला, डाव्या हाताची दोन बोटं मळ्यातच ठेवली, मजुरांच्या वस्तीतल्या एकाच खोलीचं छप्पर तीन वादळांनंतर तीनदा घातलं आणि बायकोला इथल्याच मातीत पुरलं. ती बिचारी मात्र पोचली म्हणायची.

त्याची मुलगी देयानिरा त्याच खोलीत जन्मली, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. बापाच्या कारखान्याच्या ओळखपत्रावर तिचा जन्म रीतसर नोंदवला गेला. तिनं दोनदा मतदान केलं. मग नियम मागच्या तारखेपासून लागू झाला. मतं मोजलेली राहिली, बाई वजा झाली.

परवा तिला मुलगा झाला. इस्पितळात देशाच्या बाळाला पांढरा दाखला देतात, परक्या बाळाला गुलाबी. याला गुलाबी मिळाला. (रंग निवडणाऱ्याच्या आवडीचं कौतुक करावं तेवढं थोडं, बाळाच्या गालांना शोभतो.) पांढरा नसेल तर पुढे शाळेची परीक्षा नाही, नोकरी नाही, लग्नाची नोंद नाही. म्हणून कंबर धड सरळ होत नसताना देयानिरा बाळाला आणि बापाला घेऊन नोंदणी कचेरीत गेली.

खिडकीमागे बेलिसारियो कारकून जेवत होता. भात, घेवडा, वर अवोकाडोची जाड फोड.

"पुन्हा आलीस? किती वेळा सांगू? तुझ्या जन्माच्या वेळी तुझा बाप वाटसरू होता. म्हणून तू नाहीस. म्हणून हाही नाही."

"हा नाही? मग आत्ता माझ्या मांडीवर मुतला तो कोण?"

रांग खदखदून हसली. बेलिसारियो हसला नाही. कामाच्या वेळेत तो फक्त जेवतो.

"बाप दहा दिवसांपेक्षा जास्त राहिल्याचा पुरावा आण."

म्हाताऱ्यानं दुधाच्या पावडरीचा डबा उघडला. तिच्या जन्माआधीच्या अठरा वर्षांच्या ऊस-वजनाच्या चिठ्ठ्या, सुतळीत ओवलेल्या.

"अरे वा!" कारकून खूश झाला. "म्हणजे अठरा वर्षं बेकायदेशीर राहिलास. कबूल?"

राहिला नाही तर वाटसरू, राहिला तर गुन्हेगार. दोन्ही दारांतून बाळ गुलाबीच निघतं. असा नियम घडवायला अक्कल लागते.

"मी निघालोच होतो, साहेब," म्हातारा म्हणाला. "पहिल्याच वर्षी. माझे कागद द्या म्हटलं, तर मुकादम म्हणाला, तोडणी संपू दे. तोडणी संपली, तर म्हणे लावणी आली."

देयानिरानं ताटलीकडे बोट केलं. "बेलिसारियोसाहेब, हा अवोकाडो कुठला?"

"कुठला म्हणजे? इथला. अस्सल. तुझ्या बापाच्याच झाडाचा. दर ऑगस्टला मी नेतो की."

"त्या झाडाची कोय बाबा खिशातून घेऊन आले होते. हैतीहून. फळ धरायला सहा वर्षं लागली. वाटसरू सहा वर्षं रोपाला पाणी घालत बसतो का हो?"

कारकुनानं फोड शांतपणे चावली. "झाडं शेती खात्याकडे येतात," तो म्हणाला. (झाडांना इथं जन्मानं हक्क मिळतो. ती ऊस तोडत नाहीत, म्हणून असेल.) त्यानं गुलाबी दाखल्यावर शिक्का मारला आणि आवाज मऊ केला. "म्हाताऱ्या, या वर्षी आणखी चार मोठे बाजूला ठेव हं माझ्यासाठी."

"असलो तर ठेवीन."

"असलो तर? तू कुठं जाणार आहेस, लेका?" बेलिसारियो आता मोकळेपणानं हसला.

"हेच!" देयानिरानं खिडकीवर हात आपटला. बाळ दचकून रडायला लागलं. "हेच लिहा, साहेब. 'हा माणूस कुठंही जाणार नाही.' खाली सही करा, शिक्का मारा. मला दुसरं काही नको."

कारकुनानं डाव्या हातानं खिडकी बंद केली. उजवा खरकटा होता. खिडकीवर पाटी लटकली: जेवणाची सुट्टी.

ते तिघं अजून पायरीवर बसलेत. आणि तुम्ही, वाचणारे? रांगेसोबत हसलात ना? मग या पुढे, बाळाच्या मागे उभे राहा. तुमचे वडील जन्मले त्या दिवशी तुमचे आजोबा मुक्कामाला होते, की वाटेत? तोंडी सांगू नका. कागद कुठाय?